समोरून काढलेला फोटो

"हा फोटो माझा नव्हे," मी एक्स-रेवाल्याला म्हणाले. "माझा उजवा खांदा मोडलाय. ह्यात डावा दिसतोय." तो गृहस्थ जेवायला निघायच्या बेतात होता, एक हात कोटाच्या बाहीत गेलेला, दुसरा अजून बाहेर. त्याने उजेडाच्या पेटीवर लावलेल्या काळ्या फिल्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हीच शंका रोज कोणीतरी त्याला विचारत असणार, कारण त्याच्या नजरेत कंटाळाही होता आणि थोडी मायाही. "ताई, फोटो समोरून बघायचा असतो," तो म्हणाला. "समजा, तुमच्यासमोर कोणीतरी उभं आहे, अगदी जवळ, तुमच्याकडे बघतंय. त्याला तुम्ही जशा दिसाल तसा हा फोटो. त्याचं डावं ते तुमचं उजवं. खाली नाव वाचा, तुमचंच आहे की नाही? मग झालं तर. बाहेर बाकावर बसा, डॉक्टर बोलावतील." त्याने दुसरी बाही चढवली आणि तो गेला. मी मात्र उठले नाही. थंडगार टेबल, भिंतीवर टांगलेला तो जाड शिशाचा झगा, पेटीचा पांढरा उजेड, आणि त्या उजेडात माझ्या दोन्ही खांद्यांची हाडं. कोणीतरी समोर उभं आहे, अगदी जवळ. असं माझ्यासमोर उभं राहणारं माणूस आयुष्यात एकच होऊन गेलं होतं, आणि ते मला मुद्दाम सोडून गेलं असं मी आजवर धरून चालले होते. आता ते तसं नसेल की काय, या विचाराने मोडलेल्या खांद्यापेक्षा दुसरंच काहीतरी दुखायला लागलं.

पडले कशी हे विचारू नका, सगळ्यांनी विचारून झालंय. मी चपलाबुटांच्या दुकानात काम करते. वरच्या फळीवर हिवाळी बुटांचे खोके असतात आणि ते काढायला एक तिपाई असते. तिपाईचा एक पाय आखूड आहे हे दुकानातल्या सगळ्यांना माहीत आहे, मलाही. तरी चढले. खोका हातात आला, तिपाई डुगडुगली आणि मी खांद्यावर आपटले. हाड मोडताना आवाज होतो, बारीकसाच, पण तो कानाला बाहेरून येत नाही. आणि त्या क्षणी माणसाने आईला हाक मारावी, देवाला मारावी, मी काय म्हणावं? मी म्हणाले, "क्लॅव्हिकल." मालक धावत आले. "काय म्हणालात?" "काही नाही, गळ्याजवळचं हाड." "मग तसं म्हणा ना," ते म्हणाले आणि रिक्षा बघायला बाहेर गेले. मी जमिनीवर पडल्यापडल्या छताकडे बघत होते. हा शब्द माझ्यात कुठे दडून बसला होता, माझं मलाच कळेना. दुकानात लोकांना मी तळवा, टाच, घोटा असंच म्हणते. त्या विषयातलं एक अक्षर मी कित्येक वर्षांत तोंडाबाहेर काढलेलं नव्हतं.

विषय म्हणजे शारीरिक शिक्षण. खेळाचा तास नव्हे, तो तर सगळ्यांनाच असतो. अकरावी-बारावीला आमच्या शाळेत तो रीतसर विषय होता, रसायनशास्त्रासारखा किंवा इतिहासासारखा. त्याचं जाडजूड पुस्तक होतं, त्यात स्नायूंच्या आकृत्या, हृदयाचे कप्पे, तरफेचे प्रकार, थकवा म्हणजे काय, धाप का लागते, असं सगळं. त्याचा लेखी पेपर होता आणि मैदानावरची परीक्षा वेगळी, आणि दोन्हींत स्वतंत्र पास व्हावं लागे. हे कोणाला सांगून पटत नसे. आत्याने विचारलं होतं, "म्हणजे उड्या मारायचे मार्क देतात होय गं?" बाबा म्हणाले, "पळायला पुस्तक कशाला लागतं? मागे कुत्रं लागलं की पुरे." मी तो विषय हौसेने घेतलेला नव्हता. हिशेबाच्या वर्गात जागा उरली नव्हती आणि ह्या वर्गात जागाच जागा होती. माझ्यासारखी पोर त्या वर्गात म्हणजे उंदरांच्या सभेत मांजर नव्हे, उलटंच. मी इतकी बारीक होते की आई कपडे शिवताना उरलेल्या कापडाचा हिशेब आधी करायची. चेंडू माझ्याकडे आला तर मी बाजूला होऊन त्याला वाट करून द्यायचे.

आमच्या बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणत. वर्गात शिकवतानाही त्यांच्या गळ्यात शिट्टी असे आणि फळ्यावर लिहायला वळल्या की ती फळ्यावर टकटक वाजे. शरीररचना शिकवायला शाळेने एक प्लास्टिकचा सांगाडा घ्यावा म्हणून त्या दरवर्षी अर्ज करत आणि दरवर्षी मुख्याध्यापक म्हणत, पुढच्या वर्षी नक्की. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "तू. पुढे ये. बाह्या वर कर." मी टेबलापाशी उभी राहिले. बाईंनी माझा हात धरून वर्गाला दाखवला आणि म्हणाल्या, "मुख्याध्यापकांचा सांगाडा येईल तेव्हा येईल. आपला हा आला." वर्ग हसला, मीही हसले, दुसरं काय करणार. पुढे दोन वर्षं त्या मला उभी करत आणि माझ्या गडद निळ्या खेळाच्या शर्टावर खडूने फासळ्या काढत, हृदय काढत, फुप्फुसं काढत. मला लोक सांगाडा म्हणू लागले. घरी धाकटा भाऊसुद्धा म्हणायचा, "सांगाड्या, जेवायला चल." तास संपला की मी शर्ट झटकायचे आणि माझ्या हृदयाची पूड खाली पडायची. वाईट वाटायचं का? थोडं वाटायचं. पण इतकं कोणी आधी माझ्याकडे बघितलंही नव्हतं, हेही खरं.

आणि घाई. तिचं खरं नाव हजेरीपुरतं होतं, बाकी ती घाईच. शर्यतीत बंदूक वाजायच्या आधी ही निघालेली असायची. परत बोलावलं की हसत यायची आणि पुन्हा आधीच निघायची. पण एकदा बरोबर निघाली की मग तिला कोणी बघायचं नाही, फक्त तिची पाठ बघायची. तिचे वडील ट्रक चालवत, आज इथे, उद्या तिथे, आणि त्यांच्या मागून तिने इतक्या शाळा बदललेल्या होत्या की वाचनाशी तिची सोयरीक कधी जमलीच नव्हती. पान उघडलं की तिला जांभई येई, आणि जांभई नाही आली तर रडू. वाचलेलं तिच्या डोक्यात टिकत नसे. हात लावलेलं मात्र टिकत असे. हे तिनेच शोधून काढलं. एकदा मधल्या सुट्टीत तिने माझं मनगट धरलं, दोन बोटांनी हाड चाचपलं आणि म्हणाली, "बाईंनी काय सांगितलं होतं गं ह्याला?" "रेडियस." "आणि हे?" "अल्ना." दुसऱ्या दिवशी आल्याआल्या तिने माझं मनगट धरलं आणि दोन्ही नावं बिनचूक म्हणाली. मग डोळे बारीक करून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "सांगाड्या, माझं पुस्तक तूच."

खेळाच्या सामानाची एक खोली होती, व्यायामशाळेच्या मागे. चटयांच्या थप्प्या, चामडी चेंडूंची जाळी, तुटक्या रॅकेटा, अडथळ्यांच्या शर्यतीचे लाकडी अडसर. रबराचा आणि जुन्या घामाचा वास तिथे भिंतीतच मुरलेला होता. छताशी एक जाळीची खिडकी, तिच्यातून मैदानावरचे आवाज यायचे, पण लांबचे वाटायचे. शाळा सुटली की आम्ही तिथे जायचो. मी उडी मारायच्या लाकडी पेटीवर उभी राहायचे, म्हणजे तिला वाकायला नको. ती समोर. डोक्यापासून सुरुवात. कपाळ, गाल, जबडा, मग मान, मग गळ्याजवळचं ते आडवं हाड. तिथे तिची बोटं नेहमी थोडी थांबायची, कारण माझं ते हाड फार वर आलेलं होतं आणि तिला ते आवडायचं. "ह्याच्यावर पेन्सिल राहील," ती म्हणायची, आणि खरंच ठेवून बघायची. "क्लॅव्हिकल. डावं क्लॅव्हिकल, उजवं क्लॅव्हिकल." मग खांदा, दंड, कोपर. मग खडूने शर्टावर हृदय. हा उजवा कप्पा, हा डावा, इथून रक्त फुप्फुसाकडे जातं, इथून अंगभर. मी डोळे मिटून उभी असायचे. ती एकेक नाव म्हणायची आणि मी म्हणायचे, "बरोबर." एवढंच माझं काम. तिची बोटं खडबडीत होती, नखं दातांनी कुरतडलेली, आणि पळून आलेली असली की गरम. ती खोली सोडून मला कुठेही जावंसं वाटत नसे. मी आता सरळच सांगते, पुढच्या सगळ्या आयुष्यात, लग्नात, पोर पोटात असताना, डॉक्टरांच्या हातात, माझ्या अंगाला इतकं ध्यान देऊन कोणी हात लावला नाही. ते प्रेम होतं का, मैत्री होती का, की नुसता अभ्यास होता, हे ठरवायची तेव्हा अक्कल नव्हती आणि आता ठरवून कोणाला सांगायचं? पण त्याची आठवण आली की आजही मला गळ्याखाली ती बोटं लागतात.

बदल्यात ती मला मैदानात न्यायची. लेखी पेपर मला पाण्यासारखा येत होता, पण मैदानावरची परीक्षा माझ्या मुळावर आली होती. "खांदे कानात घालून कशाला पळतेस? कोणी ओरडतंय का तुला?" ती मागून माझे खांदे दाबून खाली करायची. "श्वास धरून ठेवू नकोस, कोणी चोरून नेत नाही." ती माझ्या शेजारून उलटी पळायची, म्हणजे तोंड माझ्याकडे करून, मागे न बघता, आणि तरीही माझ्यापेक्षा पुढे असायची. मी तिच्या तोंडाकडे बघत पळायचे. थांबायचं विसरून मी एकदा अख्खी फेरी पुरी केली आणि गवतावर आडवी झाले, तेव्हा ती माझ्या डोक्याशी बसून म्हणाली, "बारावी झाली की खेळाच्या कॉलेजात जायचं दोघींनी. लांबच्या गावात आहे, तिथे वसतिगृह आहे. एका खोलीत दोघी राहू. तू लिहायचं, मी पळायचं. दोघी मिळून एक बाई होऊ, शिट्टीबाईंसारखी." खोलीत खिडकी कुठे असेल, कोणाची कॉट खिडकीशी असेल, हेसुद्धा तिने ठरवलेलं होतं. खिडकी तिची, कारण तिला आधी निघायचं असतं. मी हो म्हणाले. मी त्याआधी कशालाच इतकं मनापासून हो म्हणालेले नव्हते.

"बुटांच्या दुकानातल्या बाई," असं कोणीतरी पुकारलं आणि मी बाकावरून उठले. मी तिथे कधी येऊन बसले तेही मला आठवत नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "प्लास्टर नको. हे आपोआप जुळतं. हात झोळीत ठेवा, आंघोळीपुरती झोळी काढा आणि घरातल्या कोणाकडून तरी नीट बांधून घ्या. कोपर मात्र रोज हलवा, नाहीतर आखडेल. आहे ना कोणी घरी?" "नवरा आहे," मी म्हटलं. "मग उत्तम," ते म्हणाले. उत्तम की कसं ते त्यांना काय माहीत, पण मी मान हलवली. फिल्मचं मोठं पाकीट डाव्या काखेत धरून मी बसमध्ये चढले. एका मुलीने उठून जागा दिली. बस चौकाचौकात थांबत होती, आणि मी तो दिवस पुन्हा एकदा सुरुवातीपासून बघायला लागले, जो इतक्या वर्षांत माझा हजार वेळा बघून झालेला होता.

आमच्या विषयाचा लेखी पेपर शाळेतच तपासला जायचा. बाहेरच्या कोणाला त्याची गरजच वाटत नसे, त्यामुळे बाईच काढायच्या आणि बाईच तपासायच्या. निकालाच्या आधी मी चेंडूंची जाळी परत करायला व्यायामशाळेकडे निघाले होते आणि शिक्षकांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत घाई उभी. शिट्टीबाईंच्या हातात तिचा पेपर. बाई ओरडत नव्हत्या, त्यापेक्षा वाईट, हळू बोलत होत्या. "एक नाव चुकलेलं नाही. एक हाड, एक स्नायू, एक रक्तवाहिनी चुकलेली नाही. आणि बाजू मात्र एकूणएक उलट. हृदयाचा डावा कप्पा तो उजवा, उजवा तो डावा. यकृत डावीकडे. सगळं. चुकून चुकणारं पोर कधीतरी चुकून बरोबरही लिहितं. इतकं बरोबर येणारंच इतकं चूक लिहू शकतं. माझी थट्टा चालवलीस? मुद्दाम केलंस ना हे?" घाईने बाईंकडे बघितलं, मग दाराकडे. दारात मी होते. तिने मला बघितलं. तिचा चेहरा मला आजही दिसतो, पळून आल्यासारखा लाल, आणि डोळे असे की काही विचारायचं आहे पण कोणाला विचारावं हे कळत नाही. मग तिने हनुवटी वर केली आणि म्हणाली, "हो. मुद्दाम."

ती लेखी पेपरात नापास झाली. मी मैदानावर कशीबशी पास झाले, तिच्याच कृपेने. निकालाच्या दिवशी मैदानाच्या पायऱ्यांवर ती बुटाची नाडी सोडायची, बांधायची, सोडायची. मी म्हटलं, "का गं?" ती म्हणाली, "काय का? नाही यायचं मला. तू जा." फेरपरीक्षा होती, पण त्याआधीच तिच्या वडिलांनी बिऱ्हाड हलवलं आणि ती गेली. निरोप नाही, पत्ता नाही. खेळाच्या कॉलेजात माझा नंबर लागला होता. मी गेले नाही. एकट्या सांगाड्याने तिथे जाऊन काय करायचं? बाबांच्या ओळखीने बुटांच्या दुकानात लागले, तिथेच राहिले. आणि मनाशी एक गोष्ट पक्की करून टाकली, की तिला माझ्याबरोबर यायचंच नव्हतं. सगळं येत असून तिने मुद्दाम उलटं लिहिलं, कारण त्या खोलीतली खिडकी, त्या दोन कॉटा, हे सगळं माझं वेड होतं, तिची नुसती गंमत. हे एकदा पक्कं केलं की बाकी आयुष्य तसं सोपं जातं. कोणी जवळ आलं की मनातल्या मनात म्हणायचं, हेही जाणार. लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून परगावी गेली. कोणी फसवलं नाही, कारण मी कोणाला फसवायची संधीच दिली नाही. ह्यांनाही नाही.

बसने वळण घेतलं आणि खांद्यातून कळ गेली. मी पाकीट घट्ट धरलं. समजा, तुमच्यासमोर कोणीतरी उभं आहे. मी डोळे मिटले आणि त्या लाकडी पेटीवर जाऊन उभी राहिले. घाई समोर. मी मनातल्या मनात तिचा पेपर काढला आणि तिथे, बसमध्ये, तपासायला घेतला. हृदयाचा डावा कप्पा. तिने माझ्या शर्टावर कुठे बोट ठेवलं असेल? तिच्या डाव्या हाताच्या बाजूला. म्हणजे माझा उजवा. तिने लिहिलं डावा. यकृत. तिच्या डावीकडे. माझ्या उजवीकडे, जिथे ते खरंच असतं. तिने लिहिलं डावीकडे. सगळं तपासलं. एकही चूक निघाली नाही. तिने पुस्तकातलं काही लिहिलंच नव्हतं, तिने मला लिहिलं होतं, मी तिच्यासमोर जशी उभी असायचे तशी. बाईंनी वर्षाच्या सुरुवातीला एकदाच सांगितलं होतं, डावं-उजवं नेहमी सांगाड्याचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही. आणि त्या दिवशी घाई वर्गात नव्हती, कुठल्याशा शर्यतीला गेली होती. हे मला आता आठवलं, इतक्या वर्षांनी, भर रस्त्यात. तिला मुद्दाम उलटं लिहायचं असतं तर आधी सुलटं माहीत असायला हवं होतं. तिला ते माहीतच नव्हतं. आपलं काय चुकलं हे शिक्षकांच्या खोलीत उभं असताना तिला कळलं नाही, आणि ढ म्हणवून घेण्यापेक्षा उद्धट म्हणवून घेणं तिला परवडलं. माझ्याकडे बघून ती तेच विचारत होती, की अगं, तू तर बरोबर म्हणायचीस.

म्हणायचेच मी. आता कोणी म्हणेल, बोट उजवीकडे लागतंय आणि ती डावं म्हणतेय, हे तुला कळत कसं नव्हतं? नव्हतं कळत. तिचं बोट अंगाला लागलेलं असताना मला डावं-उजवं काही उरत नसे. मी नाव ऐकायचे, तिचा आवाज ऐकायचे आणि बरोबर म्हणायचे, आणि मला ते सगळं बरोबरच वाटायचं. आणि गंमत बघा, त्यानंतर रोज मी गिऱ्हाइकांच्या पुढ्यात बसून त्यांचे पाय हातात घेते. उजवा पाय द्या म्हटलं की माझ्या डावीकडचा पाय पुढे येतो. इतकी वर्षं हे हाताला माहीत होतं, डोक्याला कधी सुचलं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "फार दुखतंय का हो?" मी हो म्हटलं. त्यांनी बिचाऱ्यांनी माझं पाकीट धरलं. घाई आता कुठे असेल, मला ठाऊक नाही. आजी झाली असेल, गुडघे धरून जिने चढत असेल. तिला कोणी सांगितलं असेल का, की पोरी, तू सगळं बरोबर लिहिलं होतंस? कोण सांगणार? ते फक्त मलाच माहीत आहे, आणि मलाही आजच.

घरी हे आलेले होते. हे पाणीखात्यात मीटर वाचतात. दिवसभर दुसऱ्यांच्या दारचे आकडे वाचून आलेला माणूस घरी येऊन काही वाचत नाही, माझं तोंड तर नाहीच. मालकांनी फोन केला होता म्हणून त्यांना कळलं होतं. त्यांनी चहा करून ठेवला होता, तो निवला होता, पण केला होता. "तिपाईवर कशाला चढलीस?" ते म्हणाले. हात-पाय धुताना झोळी भिजली म्हणून दुसरं कोरडं फडकं काढलं आणि म्हटलं, "बांधून द्याल का? डॉक्टर म्हणाले, घरातल्या कोणीतरी बांधायची." ते जरा गोंधळले. आमच्यात असं कोणी कोणाला काही बांधून देत नाही. त्यांनी चष्मा पुसला, फडकं दोन्ही हातांत ताणून धरलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले, जवळ, म्हणजे रोज उभे राहतात त्यापेक्षा खूप जवळ.

"डावा हात दे," ते म्हणाले. मी डावा पुढे केला. "अगं हा नव्हे. डावा, डावा. मोडलेला." आणि त्यांनी बोटाने माझ्या उजव्या खांद्याकडे दाखवलं. माझ्या ओठावर आलंच होतं, की डावं-उजवं कळत नाही आणि मीटर कसे वाचता हो तुम्ही. एरवी बोलले असते, ते गप्प झाले असते, आणि फडकं मी एका हाताने दाताने ओढून बांधलं असतं. मी त्यांच्याकडे बघितलं. चष्मा नाकावर घसरलेला, कपाळावर आठी, सगळं लक्ष माझ्या खांद्यावर. मला रडू आलं. बसमध्ये आलं नव्हतं ते इथे आलं, आणि आवरेना. "दुखलं का? मी अजून हातसुद्धा लावला नाही," ते घाबरून म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी अगदी सावकाश माझं कोपर उचलून फडक्यात ठेवलं, मानेमागे हात नेऊन गाठ मारली, ती सैल झाली, पुन्हा मारली. मग थांबले. "नक्की कुठे मोडलंय?" त्यांनी विचारलं. मी चांगल्या हाताने त्यांचं बोट धरलं आणि गळ्याखाली आणून ठेवलं. आता तिथे मांस चढलंय, पेन्सिल काही राहायची नाही. "ह्याला क्लॅव्हिकल म्हणतात," मी म्हटलं. त्यांनी बोट हलवलं नाही, दाबलंही नाही, नुसतं ठेवलं. मी डोळे मिटले.

"क्लॅव्हिकल," ते म्हणाले. मग लक्षात ठेवायला म्हणून असेल, त्यांनी स्वतःशीच पुन्हा म्हटलं, "डावं क्लॅव्हिकल."

"बरोबर," मी म्हणाले.